खडूची रेघ

"काका, गाडी आणा! आणि आज जरा जोर दिसू द्या, तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचं मलाच लिहायचंय," भौतिकशास्त्राचे सर भर वर्गात म्हणाले आणि पोरं खिदळली.

प्रयोगशाळेचे शिपाई असलेले काकाही हसले. साहेबाच्या विनोदाला हसायची सवय नोकरीच लावते. सकाळीच बायकोनं विचारलं होतं, "छातीत दुखतंय, हे सरांना सांगितलंत का?"

"सांगतो की! म्हणजे उद्याच देतील नारळ हातात."

धाकटीचं शिक्षण व्हायचं होतं. मुदतवाढीची तेवढी दोन वर्षं पदरात पडली असती, तर काका सुटले असते.

सापेक्षतेचा धडा आला की दरवर्षी हा खेळ व्हायचा. लांबलचक व्हरांड्यात काका लाकडी गाडी ढकलत पळायचे आणि सर बाजूनं तिच्यात लोखंडी वजनं टाकत जायचे. वेग वाढतो तसं वस्तुमान वाढतं. मग कितीही ऊर्जा ओता, वेग जेमतेम वाढतो, वस्तूच जड होत जाते. टोकाला खडूची रेघ, ती प्रकाशाच्या वेगाची. गाडी तिच्या वीतभर अलीकडे थांबायची. चाकांना तेल घालण्यापासून रेघ ओढण्यापर्यंत सगळं काकांच्या हातचं. हा धडा अर्धा आपणच शिकवतो, असं त्यांना मनातून वाटायचं.

"ढकला!"

काकांनी गाडी रेटली. एक वजन पडलं, दुसरं पडलं. सरांचा हात आज भलताच सैल होता.

"दमलात का काका?"

"छे हो सर!"

छातीत कळ आली. पोरं टाळ्या पिटत होती. थांबलो की संपलो, एवढंच काकांच्या डोक्यात उरलं. त्यांनी डोळे मिटले, दातओठ खाल्ले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला.

गाडी रेघ ओलांडून भिंतीवर आदळली.

"काकांनी प्रकाशाला मागे टाकलं!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. काकाही धापा टाकत हसले.

"बघितलंत ना सर? अजून दम आहे."

सर हसले नाहीत. "अहो, ती रेघ कुणालाच गाठता येत नाही, एवढंच तर दाखवायचं होतं! इतकी वर्षं ढकलताय, डोक्यात काडीचा उजेड पडला नाही?" पोरांना हे आणखीनच आवडलं. "पुढच्या वर्षीपासून व्हिडिओ लावू. आणि मुदतवाढीचं राहू द्या आता. घरी बसा, आराम करा."

वर्ग आत गेला, दार लागलं. काका भिंतीला टेकून खाली बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जोर कमी पडला असता तरी घालवलंच असतं, जास्त पडला म्हणून घालवलं. घरी हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

थोड्या वेळानं ते भिंतीला धरून उठले. वजनं उतरवायचं त्राण नव्हतं. भरलेली गाडीच त्यांनी कशीबशी मागे ओढली, रेघेच्या वीतभर अलीकडे आणून उभी केली आणि चाकाखाली पाचर सारली. मग खिशातला खडू काढून, चाकानं पुसलेली रेघ त्यांनी पुन्हा नीट ओढली.