वरच्या वळणावरचं सफरचंद

रीफ्टन गावाच्या वरच्या रानात सोनं शोधणाऱ्यांची जुनी पायवाट आहे. दरडी कोसळून ती कधीच बुजली होती. लोकांना चालता यावं म्हणून आम्ही तीन वर्षं दर शनिवारी ती मोकळी करतोय. माझं वय एकोणऐंशी, गुडघे कामातून गेलेले, तरी मुकादमगिरी माझ्याकडेच. खरं सांगायचं तर मला चालणाऱ्यांचं काही पडलेलं नाही. मला आईच्या घरापर्यंत जायचं होतं, बस्स.

घर कसलं, पत्रे नि फळ्या लोकांनी केव्हाच उचलून नेल्या. मी सात वर्षांचा असताना सोनं संपलं, आम्ही खाली उतरलो, आणि त्याच हिवाळ्यात आई गेली. तिचा फोटो नाही माझ्याकडे. आवाजही आठवत नाही. दारात तिनं लावलेलं सफरचंदाचं झाड तेवढं अजून उभं आहे, असं शिकारी सांगायचे. त्याखाली ती मला टबात बसवून खसाखसा घासायची आणि मी बोंबलायचो. मला एकदा तिथे जाऊन उभं राहायचं होतं. हसायचं तर हसा.

मागच्या शनिवारी गुडघ्यानं दगा दिला म्हणून मी घरीच राहिलो, माझ्या हाताखालची पोरं पुढे गेली. आज टॅम्सिन माझ्यासोबत होती. आमच्यातली सगळ्यात कामसू आणि सगळ्यात बडबडी पोरगी.

"म्हातारबा, आज दाढीबिढी केलीत? लग्नाला निघालात की काय?"

"गप चाल. तुझ्या बोलण्यानंच दम लागतो मला."

वळण घेतलं आणि सपाट जागा आली. मध्ये ताजा कापलेला बुंधा होता, वर औषधाचा निळा थर.

"हे बघा," ती म्हणाली, "मागच्या वेळी पाडलं. सफरचंदाचं होतं, फळं आंबट ढाण. तुम्ही शिकवलंत तस्संच केलं, कापल्या कापल्या औषध फासलं. एक फुटवा येणार नाही, पैज लावा."

खरंच, मीच शिकवलं होतं. बाहेरून आणलेल्या झाडांनी आमचं रान खाल्लंय, म्हणून प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्याच दिवशी दम भरायचो: जे इथलं नाही ते कापायचं, दयामाया नाही. आईचं झाडही बाहेरचंच, हे माझ्या टाळक्यात तीन वर्षांत एकदाही आलं नाही. ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर?

टॅम्सिन शाबासकीची वाट बघत उभी होती.

"चांगलं काम केलंस," मी म्हणालो.

ती खूश झाली. "आणि तुमचं घर कुठे होतं हो? जवळच ना?"

"अजून वर आहे."

"मग चला, दाखवा."

तिनं माझा दंड धरला आणि आम्ही चढू लागलो. वर काहीच नव्हतं. ती प्रत्येक वळणावर विचारत होती, अजून किती, आणि मी प्रत्येक वळणावर म्हणत होतो, थोडंच राहिलंय.