बादलीतले चौदा किलो

धाकट्याने डब्यावरची चिठ्ठी वाचली आणि तो मटकन खाली बसला. "ताई, घोळ झाला. यावर तीनास एक लिहिलंय. मी पाचास दोन ओतलं."

पाचास दोन हे अप्पांचं प्रमाण: पाच भाग लाकडावर ओतायचं रेझिन, दोन भाग ते घट्ट करणारं हार्डनर. त्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात आयुष्यभर तेच चाललं, हातालाच तशी सवय. पण यंदा रेझिन दुसऱ्या कंपनीचं आणलं होतं. त्यात हार्डनर जास्त पडलं की थर जन्मात सुकायचा नाही, नुसता चिकट राहायचा. आणि हा थर अप्पांच्या शेवटच्या टेबलावर चढायचा होता. त्यांची नजर गेली होती, दुसरं टेबल आता होणे नाही. ते दाराशी खुर्चीत बसून सगळं ऐकत होते.

ताईने बादलीला हात लावून पाहिला. बादली कोमट लागत होती, म्हणजे आणखी उशीर केला तर सगळं बादलीतच घट्ट होणार.

"एकूण चौदा किलो," धाकटा घाईघाईने म्हणाला. "चारातले तीन भाग रेझिन हवं, म्हणजे साडेदहा. आहे दहा. ओत अर्धा किलो, सुटलो."

तिने डबा उचललासुद्धा. मग थबकली. अर्धा किलो ओतलं की चौदाचे साडेचौदा होणार, मग साडेदहा पुरतील कसे? शाळेत दर परीक्षेला ती याच खड्ड्यात पडायची.

"ताई, बादली तापतेय."

"तापू दे. जरा गप्प बस."

तिने खडूने फळीवरच लिहिलं. सात भागांचे चौदा किलो, एक भाग दोनचा. रेझिन दहा, हार्डनर चार. हार्डनर काही वाढणार नाही, ते चारच राहणार. ओतायचं रेझिन क्ष मानू. दहा अधिक क्ष बरोबर चाराची तिप्पट. क्ष बरोबर दोन.

"दोन किलो? डोकं फिरलंय का तुझं? बिघडलं तर अप्पांना काय तोंड दाखवायचं?"

"मी दाखवीन," ती म्हणाली. तिने नीट वजन केलं, ढवळलं आणि टेबलावर ओतलं. अप्पा चकार शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते चाचपडत टेबलापाशी आले. त्यांनी कोपऱ्यात अंगठा दाबून धरला. अंगठा कोरडा सुटला, ठसा उमटला नाही. मग त्यांनी तळहात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश फिरवला.

"काल गप्प बसलो ते बरं झालं, पोरी," अप्पा म्हणाले. "मीही अर्धाच सांगितला असता."