शेवटची चकती

ठकीचं आयुष्य गुडघ्यांत चाललंय, असं तिचे बाबा थट्टेनं म्हणत. ते अगदीच खोटं नव्हतं. सांध्यातली गुळगुळीत गादी, म्हणजे कूर्चा, झिजली तर पुन्हा कशी वाढवायची, याच्यामागे ती प्रयोगशाळेत हात धुऊन लागली होती. रेशीम आणि जिलेटिनची बटणाएवढी जाळीदार चकती करायची आणि तिच्यात पेशी सोडायच्या. पेशींनी जाळीला धरून गादी विणायची, जाळीनं हळूहळू विरघळून जायचं. पण या मेल्या चकत्या पेशींचं बस्तान बसण्याआधीच विरघळत आणि सगळी मेहनत पाण्यात जाई.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा काढून टाकलेला तुकडा ठकीनं रीतसर मागून घेतला. "ने बाई," आई म्हणाली, "जन्मभर छळलंय त्यानं. आता तरी कामाला येऊ दे."

नव्या जाळीत त्या तुकड्यातल्या पेशींनी तग धरला. आईनं नाही धरला. गुडघा बरा होऊन ती जिना चढायला लागली आणि एका सकाळी तिच्या हृदयानंच दगा दिला.

आईच्या पेशींच्या बाकीच्या चकत्यांची परीक्षा उरकली होती. परीक्षा म्हणजे यंत्राखाली ठेवून फुटेपर्यंत दाबायचं. शेवटची चकती मात्र ठकी आज-उद्यावर ढकलत होती. "अजून कच्ची आहे," असं सरांना सांगायची आणि तिचं पोषकद्रव्य बदलत राहायची. आईचं जिवंत असं एवढंच उरलं होतं. तिच्यानं ते दाबवत नव्हतं.

एक दिवस बाबा स्वतःच प्रयोगशाळेत आले. बशीतल्या त्या पांढुरक्या चकतीकडे बघत राहिले.

"जिवंत आहे?"

"हो."

"आणि दाबलीस की?"

"मग संपलं, बाबा."

"नाही दाबलीस तर?"

"तरी फार दिवस नाही टिकणार. आणि किती भार सोसते, ते कळायचं राहूनच जाईल."

बाबा स्टुलावर बसले.

"जिन्यात तुझी आई मध्येच थांबायची ना, तेव्हा मी वरून ओरडायचो, नाटकं पुरे म्हणून. किती दुखतंय, हे एकदाही विचारलं नाही गं." त्यांनी चकतीकडे बोट केलं. "दाब तू. कळू दे मला, किती सोसलं तिनं."

ठकीनं डोळे पुसले, चकती यंत्राखाली ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा चढू लागला. आधीच्या चकत्या जिथे फुटल्या होत्या, तो आकडाही मागे पडला. चकती फुटेना.

बाबांनी लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"बास," ते म्हणाले, "कळलं मला. बास कर."