व्हॉल्व्हवरचा शिकंजा

बॉयलरखोलीच्या दारावर केतनच्या नावाची पाटी लागली, त्या दिवसापासून विष्णूला ते दार डोळ्यांत सलत होतं. घमापुरापलीकडच्या या राइस मिलमध्ये सव्वीस वर्षं भुशाची धग खाल्ली विष्णूनं, आणि इन्चार्ज झाला कोण, तर काल आलेला पोरगा! म्हणे बॉयलर चालवण्याची पहिल्या वर्गाची परीक्षा पास झाला. विष्णू त्या परीक्षेला तीनदा बसला होता आणि तिन्ही वेळा तोंडी परीक्षेत त्याची बोबडी वळली होती. पण हातोडीनं पत्रा ठोकून आवाजावरून गंज ओळखायला केतनला शिकवलं कुणी? हे कुणी विचारत नव्हतं. घरी बायको कुमुद आणखी जखमेवर मीठ चोळायची. "गुणी पोरगा आहे जी, त्याच्यावर काहून जळता?"

जळत होता, हे खरंच होतं.

त्या दिवशी बॉयलरची वार्षिक तपासणी होती. सकाळी पाण्याच्या दाबाची चाचणी झाली. जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढ्यापुरता उघडू नये म्हणून त्याच्यावर लोखंडी शिकंजा आवळतात आणि चाचणी संपली की काढतात. सरकारी इन्स्पेक्टर प्रणाली मॅडम चहाला गेल्या, मालकाचा फोन आला म्हणून केतन धावला आणि शिकंजा तसाच राहिला. दहा वाजता तो विष्णूला दिसला.

त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता आग पेटणार, दाब दहा किलोवर गेला की मॅडमसमोर व्हॉल्व्ह फुसकन उडायला हवा आणि तो उडणारच नाही. मग बघू पहिला वर्ग! मॅडम तिथंच असणार, त्या आग बंद करवतील, कुणाला काही होणार नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली आणि तोंड मिटून बसला.

दुपारी दाबाचा काटा चढू लागला. मॅडम काट्यासमोर खुर्ची टाकून बसल्या. गप्पांत केतननं विचारलं, "मॅडम, ही तपासणी सुरू कशी झाली?"

"माणसं मेली म्हणून," त्या म्हणाल्या. "विलायतेत जास्त वाफ मिळावी म्हणून व्हॉल्व्हवर वजनं टांगायचे. मग कलकत्त्यात अठराशे त्रेसष्टला बॉयलर फुटला, लोक गेले आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा आला."

"वजनं कुणाला दिसत नव्हती?"

"दिसत असणार ना. कुणीतरी बघतच असतं."

विष्णूनं काट्याकडं पाहिलं. सात. भट्टीत भुसा धगधगत होता. भुशाची आग बटण दाबून विझत नाही, हे या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि केतन बॉयलरला खेटून उभा होता. साडेसात. आठ.

विष्णूनं पाना उचलला आणि शिडी चढला. गरम लोखंडानं बोटं भाजली, पण शिकंजा सुटला. तो हातात घेऊन खाली उतरला, तेव्हा मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

केतन पुढं आला. "चूक माझी आहे मॅडम, मीच विसरलो. काकांनी वाचवलं आज सगळ्यांना. काका नसते ना..." त्यानं वाकून विष्णूच्या पायांना हात लावला. मॅडम धावत आलेल्या मालकाला म्हणाल्या, "असा माणूस आहे तुमच्याकडं आणि तुम्ही त्याला कोपऱ्यात बसवता?"

सव्वीस वर्षांत हे वाक्य विष्णूनं प्रथमच ऐकलं.

मॅडमनी वही उघडली. "कधी दिसला तुम्हाला शिकंजा?"

आत्ताच, एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आला होता. पण केतन अजून कौतुकानं बघत होता आणि ते विष्णूला सहन होईना.

"सकाळी दहाला," तो म्हणाला.

केतनच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू गेलं. "दहाला? पण काका, बारा वाजता तर आपण इथंच भिंतीला टेकून सोबत डबा खाल्ला ना."