मल्हाररावांच्या वाचनाचा वेग

१९६२ सालच्या मार्चमध्ये, माझे थोरले बंधू मल्हारराव यांना मोडी वाचता येते की नाही हे ठरवण्यासाठी, मोडी न येणाऱ्या सात सद्गृहस्थांची समिती नेमण्यात आली. समिती बंगळुरातल्या आमच्या मराठी मंडळाची. पूर्वज इकडे आले तेव्हापासूनचे आमच्या लोकांचे कागद मंडळाच्या कपाटांत आहेत, आणि मल्हारराव, म्हणजे आमचे अण्णा, मंडळाचे मोडीवाचक म्हणून ते एकतीस वर्षे वाचत आले होते. मला मोडी चाचपडत येते. पण मी सभासद नव्हतो.

दोन वर्षांपासून अण्णांचे पाऊल आखूड पडू लागले होते आणि शब्द उशिरा येऊ लागले होते. प्रश्न विचारला की ते समोर पाहत राहत. विचारणारा दुसऱ्या विषयाकडे वळला की उत्तर येई, आणि ते बरोबर असे. ऐकायला मात्र तोवर कोणी थांबलेले नसे. चिटणीस विश्वासरावांनी निदान एका म्हणीत उरकले: साठी बुद्धी नाठी. अण्णा चौसष्ट वर्षांचे होते. म्हणीच्या मानाने त्यांना चार वर्षे उशीरच झाला होता.

मी त्यांना डॉक्टर शिवाप्पांकडे नेले. त्यांनी नळी छातीला लावण्याआधी मानेला लावली, जबड्याच्या खाली, आणि श्वास रोखायला सांगितले. मग नळीची टोके माझ्या कानांत दिली. उजवीकडे काही नव्हते. डावीकडे प्रत्येक ठोक्याबरोबर खरखर उठत होती, दोन घरे पलीकडे सुतार रंधा मारतो आहे अशी. नंतर खोली अंधारी करून त्यांनी छोट्या दिव्याने अण्णांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहिले. शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्या कापाकापी न करता दिसतात त्या एवढ्या एकाच ठिकाणी, असे ते म्हणाले, आणि मेंदूतल्या वाहिन्या त्यांच्या सख्ख्या बहिणी. अण्णांच्या डोळ्यातल्या वाहिन्या तांब्याच्या तारेसारख्या झाल्या होत्या.

पुढचे त्यांनी सावकाश कानडीत समजावले. मानेतली मोठी वाहिनी लवचीक असली तर हृदयाचा धक्का स्वतः सोसते आणि रक्त वर शांतपणे पोचवते. ती ताठरली की धक्का थेट केसाएवढ्या वाहिन्यांवर जातो. ती आतून अरुंद झाली की रक्तच कमी पोचते. अण्णांच्या बाबतीत यातले काय घडले, की दोन्ही, हे छातीठोक सांगायला त्यांनी नकार दिला. बारीक वाहिन्या एकेक करून बंद पडतात. अर्धांग होत नाही, माणूस कोसळत नाही. विचाराला एका जागेहून दुसरीकडे जायला वळसा पडतो, इतकेच. मद्रासकडे मानेत सुई घालून छायाचित्र काढतात, पण जो विकार शोधायचा तो त्या सुईनेच ओढवायचा, असेही ते म्हणाले. मीठ कमी, तंबाखू बंद, रक्तदाबाच्या गोळ्या.

मग त्यांनी अण्णांना शंभरातून सात-सात वजा करायला लावले. चार मिनिटे लागली.

"चूक एकही नाही," डॉक्टर मला म्हणाले. "तुम्ही घाई केलीत तर मात्र होईल."

मी हे लेखी मागितले. कोणाला दाखवणार, असे त्यांनी विचारले. समितीला, म्हटल्यावर त्यांनी लिहिले: मानेची धमनी व मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्या यांचा विकार. वेग मंदावला आहे. आकलन व निर्णयशक्ती शाबूत. कागदाशिवाय विधानाला किंमत नाही, हे मी कॉलेजात बावीस वर्षे शिकवत होतो.

परीक्षा रविवारी सकाळी मल्लेश्वरमच्या सभागृहात झाली. अण्णांच्या जागेसाठी दुसरे उमेदवार व्यंकोजी, म्हणजे विश्वासरावांचे भाचे. ते तीन महिने पुण्यात मोडी शिकून आले होते. दोघांपुढे एकच जुने पत्र ठेवले. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वाचणाऱ्याने सबंध ओळ मनात धरायची आणि मग तोडायची. व्यंकोजींनी हा ताप करून घेतला नाही. त्यांनी खणखणीत आवाजात दोन मिनिटांत पान संपवले. मधल्या दोन दाट ओळी गाळल्या, पण पत्राला ते जाणवले नाही: नमस्कार, आशीर्वाद, क्षेमकुशल, पुन्हा नमस्कार. सदस्य माना डोलवत होते. एकाने तर डोळे टिपले.

अण्णा पाचव्या ओळीवर असताना विश्वासराव हळुवारपणे म्हणाले, "सरी, ठीक आहे, अण्णा. पुरे. उगाच त्रास कशाला?"

मी उठून गाळलेल्या ओळींबद्दल बोललो आणि डॉक्टरांचे पत्र पुढे केले. विश्वासरावांनी ते मोठ्याने, प्रामाणिकपणे, पूर्ण वाचले.

"विकार आहे, असं डॉक्टरच लिहितात. तोही मेंदूचा. पुरावा तुम्हीच आणलात, भगवंतराव."

"शेवटचं वाक्य?"

"वाचलं की. चांगलंच लिहिलंय."

"आणि त्या दोन ओळी?"

"गाळल्या की नाही, हे सांगणार कोण? तुम्ही सभासद नाही. आणि अण्णा..." पुढचे त्यांनी सभ्यतेने गाळले. गाळण्याचे कसब त्यांच्या घराण्यातच असावे.

ठराव एकमताने झाला. कपाटांच्या किल्ल्या व्यंकोजींना, शाल अण्णांना. मंडळी व्हरांड्यात उप्पिट्टू आणि कॉफीकडे गेली.

अण्णांचे बोट सहाव्या ओळीवर होते. ठराव त्यांनी ऐकला नव्हता, किंवा ऐकला होता आणि तो अजून पोचायचा होता. मी शेजारी बसून पेन्सिल काढली. त्यांनी त्या दोन ओळी वाचल्या. मध्ये दोनदा थांबले, पण एकदाही मागे आले नाहीत. भागुबाई नावाची विधवा परगण्याच्या अधिकाऱ्याला कळवत होती, की मुलगा गेल्यापासून पाटलाने तिला विहीर बंद केली आहे. चैत्राच्या आत येऊन ती मोकळी करावी, नाहीतर तिला गाव सोडावे लागेल. पत्र एवढ्यासाठीच लिहिले होते.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "तिला उत्तर गेलं का, ते बघायला हवं. पुढच्या रुमालात असेल."

कागद बांधून ठेवलेला तो पुढचा रुमाल कपाटात होता. मी व्हरांड्यात जाऊन मागितला, आयुष्यात प्रथमच हात जोडून. विश्वासराव म्हणाले, लेखी अर्ज द्या. मी तिथेच लिहिला आणि अण्णांनी सही केली. अर्ज त्या वर्षी समितीच्या विषयपत्रिकेवर तीनदा आला, आणि तिन्ही वेळा वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.