घोरपड उजवीकडे ओढते

मित्रांनो, मी व्हिडिओ गेम खेळताना हातात धरतात तो गेमपॅड आहे, आणि चांगलाच जुना आहे. विश्वास बसत नसेल तर अंगठ्याने हलवायच्या माझ्या डाव्या दांडीवरचं रबर बघा, झिजून पार गुळगुळीत झालंय. बटणांवरची अक्षरं तर केव्हाच पुसली गेली. काही जण मला सरळ 'रिमोट' म्हणतात. मी ते फारसं मनाला लावून घेत नाही, पण एकदा सांगून ठेवतो. रिमोट लांबून हुकूम सोडतो. माझं तसं नाही, मला दोन्ही हातांत धरावं लागतं.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक पट्ट्यावर झाला. माझ्या पोटात दोन लहान मोटरी बसवल्या. त्या फिरल्या की मी थरथरतो. शेवटी हातमोजे घातलेल्या एका बाईंनी माझ्या दोन्ही दांड्या गोल फिरवून सोडल्या. त्या पटकन येऊन बरोबर मधोमध उभ्या राहिल्या. बाईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात भरलं. दांड्या मधोमध उभ्या होत्या, एवढं लक्षात ठेवा.

खोकं उघडलं ते एका छोट्या कंपनीत. कुलपांच्या दुकानाच्या वरचा मजला, अकरा खुर्च्या, आणि सतत गुणगुणणारा पंखा. तिथली माणसं एक व्हिडिओ गेम तयार करत होती. दोन सूर्य असलेला एक दूरचा ग्रह. तिथे हरवलेली एक वस्ती शोधायची. वाटेत जुनी पहारेकरी यंत्रं हल्ला करणार, त्यांच्याशी लढायचं. आणि हे सगळं करायचं ते एका सहा चाकांच्या गाडीतून. कड्यालाही चिकटून चढते म्हणून तिचं नाव घोरपड.

घोरपड ही ताईची. तिला ऑफिसात सगळेच ताई म्हणत, म्हणून मीही म्हणतो. गाडी किती जड वाटावी, दगडावरून किती उडावी, वळताना मागचा भाग किती घसरावा, तोफ डागल्यावर किती मागे रेटली जावी, हे सगळं ती आकड्यांत लिहायची. आकडे तिचे, पण ते जमलेत की नाही हे तिच्या तळहातांना सांगायचं काम माझं. वाळूत मी गुरगुरायचो, खडकावर कडकड करायचो, बर्फावर मात्र एकदम गप्प. पहिल्यांदा बर्फावर गेलो तेव्हा ताई खुर्चीतून उडालीच. "अगं बाई, हातच थंड पडले की माझे!" असं ती म्हणाली होती. त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

ताईची एक शिस्त होती. गाडीची चाचणी घ्यायची ती फक्त माझ्यावर. तिने माझ्या पाठीवर लाल पट्टी चिकटवली आणि सगळ्यांना बजावलं, "आज एका काट्यावर वजन केलं आणि उद्या दुसऱ्या, तर काय कळणार? घोरपड चालवायची ती लाल पट्टीवाल्यावरच." नवे कोरे गेमपॅड खोक्यात पडून राहिले आणि मी टेबलावर मिरवत राहिलो. खरं सांगतो, मला गर्व झाला होता.

एका दुपारी भिंगरीने घात केला. भिंगरी म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. एका जागी बसेल तर शपथ. विचार करताना खुर्चीत गरागरा फिरायचा, म्हणून हे नाव. त्या दिवशी फिरता फिरता त्याच्या पायात माझी वायर अडकली आणि मी डाव्या अंगावर धाडकन फरशीवर आपटलो. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मला उचलून जागेवर ठेवलं, वर एक फुंकरही मारली. बोलला मात्र कोणाकडेच नाही.

त्या दिवसापासून माझी डावी दांडी, गाडी वळवायची तीच, किंचित डावीकडे कलू लागली. फार नाही, डोळ्यांना दिसणार नाही इतकीच. दुसऱ्या दिवशी ताईने घोरपड चालवली तर ती डावीकडे जाऊ लागली. ताईला वाटलं, कालच टायरचे आकडे बदललेत, तिथेच काहीतरी चुकलं असणार. तिने गाडीला उजवीकडे जरासं ढकलणारा एक आकडा घातला. मग थोडा वाढवला, थोडा कमी केला. तीन दिवस खपून तिने गाडी अगदी सरळ करून दाखवली. माझ्यावर सरळ हो! मला सगळं कळत होतं. पण मला थरथरता येतं, बोलता येत नाही.

काही महिन्यांनी पहिल्यांदाच बाहेरचे खेळाडू बोलावले. शनिवार होता. आठ जण आले, त्यांच्या हातात खोक्यातले नवे गेमपॅड दिले, आणि मी टेबलावरून बघत राहिलो. दहा मिनिटांत पहिला खेळाडू गाडीतून उतरून पायी चालू लागला. मग दुसरी उतरली. बघता बघता आठही जण पायी! सहा चाकांची गाडी मागे धूळ खात उभी आणि ही मंडळी उन्हातून तंगडतोड करतायत. विचारलं तर म्हणाले, "कंटाळा आला." एक जण म्हणाला, "दमायला होतं." गाडी एका बाजूला ओढते, असं मात्र एकानेही सांगितलं नाही. अंगठा सतत उलट दाबून धरावा लागतोय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांना फक्त नकोसं झालं होतं.

कंपनीच्या प्रमुखांना सगळे गमतीने मालक म्हणत. ते तसे भले, पण त्या दिवशी त्यांचाही चेहरा उतरला. ते ताईला म्हणाले, "हे बघ, पुढच्या शनिवारी आणखी आठ जण येतील. तेही उतरून चालायला लागले, तर घोरपड काढून टाकू. माणूस चालत जाईल, चालत लढेल. गेम तरी वेळेत पूर्ण होईल."

"दोन वर्षं घालवलीत मी तिच्यावर," ताई एवढंच म्हणाली.

तो आठवडा मला आजही नको वाटतो. कंटाळा येतो म्हणजे गंमत कमी पडतेय, असं ताईने ठरवलं. तिने पहारेकरी यंत्रं दुप्पट केली. जमिनीत सुरुंग पेरले. तोफ मोठी केली, तिचा आवाज मोठा केला, दर दोन मिनिटांनी काहीतरी फुटेल अशी व्यवस्था केली. माझ्या मोटरी थरथरून थरथरून तापल्या. ज्या कड्यावर थांबून दोन सूर्य मावळताना बघायचे, तिथेही तिने चार शत्रू उभे केले. गाडी आजारी नव्हतीच, आणि ही बिचारी तिला औषधांवर औषधं पाजत होती. दुखणं माझं होतं. मला इतकी लाज वाटत होती की तेव्हा कोणी कचऱ्यात टाकलं असतं तरी मी हूं की चूं केलं नसतं.

गुरुवारी दुपारी ताईचे बाबा आले. ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. बाबांनी बत्तीस वर्षं मालट्रक चालवला होता आणि आता ते घरीच असत. "आलोच आहे तर बसतो जरा," असं म्हणून ते बसले. ताईला बोलायला सवड नव्हती. तिने शेजारचा कॉम्प्युटर चालू केला, खोक्यातला नवा गेमपॅड त्यांच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, तोवर माझी गाडी चालवून बघा."

बाबांना बटणं कळेनात. पहिल्या पाच मिनिटांत ते तीनदा खड्ड्यात पडले आणि एकदा चुकून स्वतःच्याच तळावर तोफ डागून बसले. भिंगरी तोंड दाबून हसत होता. मग मोकळं मैदान आलं आणि बाबांनी गाडी पळवली. थोड्या वेळाने म्हणाले, "अगं, तुझी गाडी उजवीकडे ओढतेय. अलाइनमेंट गेलीय तिची."

"बाबा, ती खरी गाडी नाही. तिला कसली आलीय अलाइनमेंट?"

"नसेल. पण माझा अंगठा दुखतोय, तो तर खरा आहे ना?"

ताईने सुस्कारा सोडला, मला उचललं आणि आपल्या पडद्यावर गाडी पळवून दाखवली. एकदम सरळ. "बघा, आहे का काही?"

बाबांनी आपला चष्मा नाकावर सरकवला. पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "तो इकडे आण," ते म्हणाले. माझी वायर काढून त्यांच्या कॉम्प्युटरला लावली. गाडी सरळ. त्यांच्या हातातला नवा ताईच्या कॉम्प्युटरला लावला. घोरपड लागलीच उजवीकडे निघाली. बाबांनी मला टेबलावर ठेवलं आणि माझ्या डाव्या दांडीवर हलकेच बोट टेकवलं. "गाडीवर बोट ठेवण्याआधी स्टिअरिंग बघायचं असतं, पोरी. हा एका बाजूला कललाय. तू गाडीच वाकडी करून घेतलीस."

भिंगरीची खुर्ची पहिल्यांदाच स्थिर होती. "ताई," तो म्हणाला, "एक सांगायचं राहिलं होतं."

त्याने सगळं सांगितलं. ताई आधी हसली, मग डोळे पुसू लागली, मग पुन्हा हसली. "अरे गधड्या, तेव्हाच सांगायचंस की!" म्हणाली आणि हातातल्या कागदाच्या गुंडाळीने त्याच्या डोक्यात एक टपली मारली. माझ्यावर मात्र ती रागावली नाही. तेच मला जास्त लागलं.

मग कामाचा धडाका लागला. उजवीकडे ढकलणारा आकडा काढला. सुरुंग काढले, जादा शत्रू काढले, कड्यावरचे चारही हाकलले. बाबा निघताना दारात थांबून म्हणाले, "आणखी एक सांगू? रस्ता दूरवर सरळ दिसला की झोप येते. वळणापलीकडचं दिसत नसलं की पाय आपोआप दाबला जातो." ताईने त्याच दिवशी दोन टेकड्या पुढे सरकवल्या, म्हणजे शोधायच्या त्या वस्तीचा दिवा मध्येच दिसेल आणि मध्येच लपेल.

शनिवारी आठ जण आले. ताई नखं खात उभी होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एक मुलगी पहारेकऱ्यांच्या तावडीतून निसटली, घसरत वळली, पळता पळता तोफ डागली आणि खुर्चीतच उभी राहिली. एक आजोबा कड्यावर गाडी थांबवून नुसते सूर्य बघत बसले. गाडीतून कोणीही उतरलं नाही. वेळ संपल्यावर तर त्यांना खुर्चीतून उठवावं लागलं! मालक ताईला म्हणाले, "राहू दे तुझी घोरपड." मला थरथरायचं होतं, पण माझी वायर काढलेली होती.

त्यानंतर माझं काम संपलं. ताईने माझ्या लाल पट्टीवर पेनाने लिहिलं, 'हा डावीकडे ओढतो', आणि मला खणात ठेवलं. खणात सुकलेली पेनं होती, एक बंद पडलेला कॅल्क्युलेटर होता आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या. वर नवे गेमपॅड काम करत होते. त्यांच्या थरथरण्याचा आवाज लाकडातून यायचा. मी तिथे वर्षभर पडून होतो. वाईट वाटायचं, नाही कशाला म्हणू?

गेम पूर्ण झाला त्या दिवशी खण उघडला. ताईने मला रुमालात गुंडाळून घरी नेलं आणि बाबांच्या हातात ठेवलं. म्हणाली, "नवा आणून देऊ का?" बाबा म्हणाले, "कशाला? याच्याहून वाकडी स्टिअरिंगं धरलीत मी." तेव्हापासून मी बाबांचा. दुपारचं जेवण झालं की आम्ही दोघं दूरच्या ग्रहावर जातो. मी डावीकडे कलतो, बाबा अंगठा जरासा उजवीकडे धरतात, आणि आमचं छान चालतं.

एका रविवारी ताई शेजारी भाजी निवडत बसली होती. बाबा खिंडीत शिरले आणि पहारेकऱ्यांनी घेरलं. एक गोळा आला आणि घोरपडीचं उजवं पुढचं चाक तुटून पडलं. ताईचे हात थांबले. ती बाबांकडे बघत राहिली. बाबांनी अंगठा सैल सोडला, आणि गाडी अंगठा न लावता नाकासमोर सरळ पळत खिंडीबाहेर पडली!

"अगं, हे काय? चाक गेलं तर ओढायला हवी ना? माझी तर सरळ चाललीय!"

ताई हसू लागली. हसता हसता तिने सांगितलं. तो उजवीकडे ढकलणारा आकडा तिने पुसलाच नव्हता. तीन दिवस खपून काढलेला आकडा टाकवेना, म्हणून तिने तो या चाकाला देऊन टाकला होता. हे चाक तुटलं की जगभरातल्या खेळाडूंची घोरपड नेमकी तेवढीच उजवीकडे ओढते, जेवढा मी डावीकडे कलतो. सगळे अंगठा दाबून दाबून लढतात, आणि हीच लढाई त्यांना सगळ्यात जास्त आवडते म्हणे.

बाबांनी मला वळवून पाहिलं. "म्हणजे ती तिकडे लंगडते, हा इकडे लंगडतो," ते म्हणाले, "आणि दोघं मिळून सरळ."

मित्रांनो, आता माझं एक ऐका. आम्ही हातून पडलो तर पडलो म्हणून सांगा, फुंकर मारून ठेवून देऊ नका. वायर ओढून काढू नका, ओल्या हाताने धरू नका. आणि आमच्यातला एखादा वाकडा चालायला लागला, तर कचऱ्याच्या डब्याकडे नेण्याआधी जरा थांबा. माझ्याकडे बघा. भांडी घासायचा आवाज थांबलाय, बाबा हात पुसत इकडेच येतायत. आज त्यांना खिंडीपलीकडे जायचं आहे, आणि त्यासाठी त्यांना मीच लागतो.