एकच टेबलफॅन

रॉडनेलचा लॅपटॉप तापला की आमच्या घरात सगळ्यांचीच डोकी तापतात. त्या दुपारी तर मनिलाच्या व्हिडिओगेम संघाची निवड होती. मॅच आपापल्याच मशीनवर, कॅमेरा चालू ठेवून खेळायची. घेतलं तर राहायला जागा, पगार, सगळं. नाही घेतलं तर माझा भाऊ परत बंदरात गोण्या उचलणार.

आम्ही काय करायचं बाकी ठेवलं होतं? लॅपटॉप उघडून आतल्या पंख्यातला धुळीचा बोळा ब्रशने काढला. चिपची उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळली होती, ती खरवडून नवी लावली. खाली बाटल्यांची झाकणं ठेवून हवेला वाट केली. गेममधलं चित्र अगदी साधं करून टाकलं. तरी थोड्या वेळाने तापमान पंच्याण्णववर जायचं आणि गेम अडखळायला लागायचा. एप्रिलात पत्र्याखालची हवाच भट्टीसारखी, आतला पंखा बिचारा तीच फिरवणार. तर हा शहाणा बर्फाची पिशवी घेऊन आला.

“आत पाणी गेलं की काय करशील? मिठी मारून रडशील?” मी म्हटलं.

“मग टेबलफॅन दे, मनांग.” मोठ्या बहिणीला असं लाडात म्हटलं की त्याला काहीतरी हवंच असतं.

टेबलफॅन एकच, आणि तो तातायवर लावलेला. आमच्या वडिलांची उजवी बाजू वर्षभर लुळी आहे. शेजारी मागून पाहिला, पण असल्या उन्हात आमच्या इलोइलो शहरात पंखा उसना कोण देतो?

“लाव तिकडे,” ताताय खाटेवरून म्हणाले. “मी काय लोणी आहे वितळायला?”

पंखा तिकडे गेला. मी तातायना निखारे फुलवायच्या झापाच्या पंख्याने वारा घालत बसले. तापमान ब्याऐंशीवर थांबलं, गेम सुरळीत चालला, रॉडनेल एकेकाला लोळवत होता. मला हायसं वाटलं.

“लुसिंग, भात उतरव,” ताताय म्हणाले.

लुसिंग माझी आई. तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कातडी कोरडी ठणठणीत, तव्यासारखी. मी धावत जाऊन टेबलफॅन उचलला.

“ठेव तो परत,” रॉडनेल ओरडला. “शेवटचाच राउंड आहे.”

“ताताय मला ओळखत नाहीत रे.”

त्याने मागे वळून पाहिलं आणि हेडफोन काढून फेकला. त्यातून त्याचे साथीदार हाका मारत होते. आम्ही ओले टॉवेल काखेत, मानेवर ठेवले, घागर अंगावर ओतली, शेजारणीला नर्सकडे पिटाळलं. कॅमेऱ्यासमोर रिकामी खुर्ची होती.

नर्स आली तेव्हा तातायनी डोळे उघडले होते. मला माझ्या नावाने हाक मारली. मग भावाकडे पाहिलं.

“जिंकलास?”

“हो, ताताय.”

मला खोटं खपत नाही, पण मी तोंड शिवून बसले. ताताय पायाशी फिरणाऱ्या टेबलफॅनकडे बघत राहिले.

“मग हा माझ्याकडे कधी आला?”

रॉडनेल खाली वाकून ओला टॉवेल पिळायला लागला. तातायनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला दोघांचाही इतका राग आला, की नर्ससमोरच मी मोठ्याने रडायला लागले.